थॉमसने पाणी कुठं भरलं?

2018 च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या थिएटरांत थॉमस या निळ्या इंजिनाचा नवा ॲनिमेशनपट लागला. नाव ‘बिग वर्ल्ड! बिग ॲडव्हेंचर्स!’. दोन्ही उद्गारचिन्हं त्यांची, माझं त्यात एकही नाही. आम्ही तेव्हा रेडिंगला राहायचो. मुलगा चार वर्षांचा होता आणि त्याला आगगाड्यांचं वेड होतं. वेड म्हणजे जेवताना वरणभाताच्या कडेने बोगदा, झोपताना उशाशी मालगाडी. त्यातून माझे वडील, अण्णा, त्या उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते. अण्णांची सगळी नोकरी कुर्डुवाडीला नॅरोगेजवर, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेवर गेली. लोको शेडमध्ये क्लीनर म्हणून लागले, मग फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा, पुढे ड्रायव्हर. तेव्हा हा सिनेमा बघायला अण्णांना घेऊन जायचं हे ओघानेच आलं.

घरात थॉमस कुठून शिरला ते आधी सांगते. रेव्हरंड ऑड्री नावाचे एक पाद्री होते. गोवराने अंथरुणावर पडलेल्या मुलाला रमवायला ते इंजिनांच्या गोष्टी रचून सांगायचे, त्यातून 1945 साली पहिलं पुस्तक निघालं. ऑड्री स्वतः रेल्वेवेडे. गोष्टीत जे घडेल ते कुठल्या ना कुठल्या खऱ्या रेल्वेवर घडलेलं असलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. बेट काल्पनिक, नाव सोडॉर, पण त्यावरचे सिग्नल, सांधे, ब्रेक, वेळापत्रक सगळं खऱ्यासारखं चालतं. 1984 मध्ये त्याची टीव्ही मालिका झाली. त्यात छोटी खरीखुरी मॉडेल्स रुळांवर धावायची. चेहऱ्याचे फक्त डोळे हलायचे, ओठ नाही, आणि एकच निवेदक सगळ्यांचे संवाद बोलायचा. सुरुवातीचा निवेदक तर बीटल्समधला रिंगो स्टार. आमच्या घरात हीच जुनी मालिका चालायची, कारण नवऱ्याला एका चॅरिटी शॉपमध्ये तिच्या डीव्हीडींचा गठ्ठा स्वस्तात मिळाला होता. पुढे मॉडेल्स गेली आणि संगणकावरचं ॲनिमेशन आलं. तेही आम्ही बघितलं होतं, फारसं बिघडलं नव्हतं.

रविवारी सकाळच्या खेळाची तिकिटं काढली. चौघांची तिकिटं, पॉपकॉर्न आणि मुलाच्या हातात पडलेला रसाचा डबा यांचा हिशेब अण्णांनी मनातल्या मनात रुपयांत केला असावा, कारण ते एकदम गप्प झाले. हॉलमध्ये सगळीकडे निळे टी-शर्ट आणि निळ्या टोप्या. दिवे मालवायच्या आत पोरांनी ‘चूक चूक’ सुरू केलेलं. मला अगदी प्रसन्न वाटत होतं.

सिनेमा सुरू झाला आणि थॉमस थेट आमच्याकडे बघून बोलायला लागला. निवेदक नाहीच. हा पहिला खडा. मग एक ऑस्ट्रेलियन रेसिंग कार आली, एस तिचं नाव. सोडॉरवर काय पडलंय, जग बघ, असं तिने थॉमसच्या डोक्यात भरवलं. मग काय, स्वारी निघाली. सेनेगलमधलं डकार, तिथून अख्खी आफ्रिका ओलांडून टांझानियातलं दार-ए-सलाम, मग ब्राझीलमध्ये रिओ, मग सॅन फ्रान्सिस्को, मग चीन. मागोमाग त्याला शोधत त्याचा साहेब, फॅट कंट्रोलर. मधे मधे गाणी. गाणी म्हणजे पॉप, एक संपून दुसरं कधी सुरू झालं हे कळू नये अशी.

मी आपली समजूत घालत होते की पोरांचा सिनेमा आहे, पोरांना आवडला म्हणजे झालं. तेवढ्यात आफ्रिकेतल्या एका लांबच लांब वाळवंटात थॉमस धावत असताना अण्णा माझ्याकडे झुकले आणि त्यांना वाटलं तेवढ्या हळू आवाजात म्हणाले, “काय गं, ह्यानं पाणी कुठं भरलं?”

अण्णांचं हळू म्हणजे पुढच्या दोन रांगांना ऐकू जाईल इतपत. मराठी असल्यामुळे त्या रांगांचं काही बिघडलं नाही. पण माझ्या मुलाने ऐकलं. तो ताठ बसला आणि तिथून पुढे सिनेमाभर त्याने एकच काम केलं, वॉटर कॉलम शोधण्याचं. अण्णांनी त्याला आदल्याच आठवड्यात चित्र काढून समजावलं होतं की वाफेचं इंजिन कोळसा खातं त्याहून जास्त पाणी पितं. स्टेशनाच्या टोकाला हत्तीच्या सोंडेसारखा नळ असतो तो त्यासाठी. त्यात थॉमसला मागे टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा जोडडबा, नाही. तो टँक इंजिन, पाणी काय ते कुशीतल्या टाक्यांत, कोळसा पाठीशी जेमतेम. ज्या खऱ्या इंजिनावरून तो बेतला, ती ई-2 जातीची 10 इंजिनं 1913 ते 1916 या काळात बांधली गेली आणि त्यांचं काम जवळपासचं: यार्डात, गोदीत डबे इकडून तिकडे करणं. असलं इंजिन वाळवंट ओलांडायला काढलं तर अण्णांच्या भाषेत ‘पयल्याच चढाला बसतंय’.

पुढे अमेरिकेतलं मिठाचं पांढरंफेक मैदान आलं. मुलाने कुजबुजून विचारलं, “आजोबा, इथलं पाणी?”

“इथलं नको. खारट पाणी बॉयलरला इख. फेस येतो, पाणी सिलिंडरात चढतं.”

मागच्या रांगेतल्या बाईंनी तेव्हा घसा खाकरला. त्यांची चूक नव्हती.

थॉमस शेवटी घरी परतला, दिवे लागले. बाहेर लॉबीत आमच्या प्लेग्रुपमधले दोन-तीन आईबाप भेटले आणि अर्धा तास तिथेच गेला. सगळे नाराज होते, पण प्रत्येकाचं दुखणं वेगळं. एकीला निवेदक हवा होता. ती स्वतः लहानपणी ज्या आवाजात थॉमस ऐकत झोपायची तो आवाज तिला लेकीला द्यायचा होता. एकाला गाणी असह्य झाली होती. आणि एका बापाचं म्हणणं असं की हे सगळं त्या नव्या केशरी इंजिनामुळे झालं. निया हे केनियातलं इंजिन, मुलगी. त्या वर्षी मालिकेची गाठ संयुक्त राष्ट्रांच्या विकास उद्दिष्टांशी घातलेली होती, मुलींची इंजिनं वाढवायची हे जाहीरपणे ठरलं होतं. “उगाच शिकवण घुसडतात,” तो म्हणाला.

मला हे मुळीच पटलं नाही आणि मी तिथेच बोलले. निया ही त्या सिनेमातली सगळ्यात शहाणी व्यक्ती होती. थॉमस हुंदडत असताना ती काम करत होती. आणि जुन्या गोष्टींत इंजिनं जवळजवळ सगळी पुरुष, त्यांच्यामागे ओढले जाणारे ॲनी आणि क्लॅराबेल हे डबे मात्र बायका, हे त्या बापाला चाळीस वर्षं खटकलं नाही, त्यात शिकवण दिसली नाही. माझं दुखणं निया नव्हती. माझं दुखणं काय हे मात्र मला त्या लॉबीत नीट सांगता आलं नाही. ते घरी गेल्यावर अण्णांनी जमिनीवर नकाशा पसरला तेव्हा उमगलं.

तसं मुलगा रडला वगैरे काही नाही. मला वाटलं होतं तो खूश असेल. तो खूश नव्हता, तो अस्वस्थ होता. घरी आल्या आल्या त्याने विचारलं, थॉमस कुठल्या रुळावरून गेला ते दाखवा. नवऱ्याने भिंतीवरचा जगाचा नकाशा काढून दिला. अण्णा मांडी घालून बसले, नातू पोटावर झोपला, आणि दोघांनी बोटाने गाडी हाकायला घेतली.

डकारपासूनच अडलं. सेनेगलची जुनी रेल्वे मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत 1000 मिलिमीटर अंतर. थॉमस ब्रिटिश रुळांचा, 1435 चा. बोटीतून उतरल्या उतरल्या चाकं रुळाबाहेर. बरं, चाकं बदलली असं धरू. डकारहून दार-ए-सलामला जाणारी सलग लोहमार्गाची वाट नाहीच, मधे हजारो किलोमीटर रूळच नाहीत. दक्षिण अमेरिकेतून उत्तर अमेरिकेत जायचं तर पनामा आणि कोलंबियाच्या मधे जंगल आणि दलदल, तिथे आगगाडी सोडा, सलग रस्तासुद्धा नाही. नवरा फोनवर एकेक शोधून सांगत होता, अण्णा “बगा की” म्हणत होते आणि मुलगा पेन्सिलीने फुल्या मारत होता. अमेरिका आणि चीन या दोन ठिकाणी मात्र फुली मारावी लागली नाही. तिथे 1435 च आहे. तेवढ्यावर त्याला इतका आनंद झाला की विचारू नका.

आता कोणी म्हणेल, इंजिन बोलतं ते चालतं, हसतं ते चालतं, आणि गेज चुकलं तर नाही चालत? हो, नाही चालत. चार वर्षांच्या मुलाला इंजिन बोलतं यात काही नवल वाटत नाही, त्याची चमचावाटीही बोलते. त्याला गाडी आवडते ती तिच्यावर बंधनं आहेत म्हणून. ती वळू शकत नाही, कोणीतरी सांधा बदलावा लागतो. ती मनात आलं म्हणून सुटू शकत नाही, सिग्नलचा हात खाली यावा लागतो. ती थांबायची तर खूप आधीपासून थांबावी लागते. मोटारीला यातलं काही नसतं, म्हणून मोटारवेडी मुलं वेगळी आणि गाडीवेडी वेगळी. या सिनेमाने गाडीला मोटार करून टाकलं. एस तिला म्हणते मोकळी हो, आणि ती होते! आमच्या घरातल्या माणसाला हे सहन होण्यासारखं नव्हतं, मग तो चारचा असो की सत्तरचा.

त्याच सुमारास मालिकेतही उलथापालथ झाली. मुख्य शेडमधून हेन्री आणि एडवर्ड ही जुनी इंजिनं दुसरीकडे हलवली गेली आणि त्यांच्या जागी निया आणि रिबेका आल्या. एडवर्ड तर 1945 च्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या गोष्टीतला. मुलाने ते भाग पाहिले आणि हे निवृत्तीसारखं प्रकरण त्याला एकदम पटलं, कारण अण्णाही निवृत्त झाले होते. “एडवर्डला पेन्शन मिळणार का?” हा प्रश्न मात्र आला. अण्णांनी मिळणार म्हणून सांगितलं.

मग मी लायब्ररीत गेले आणि ऑड्रींची मूळ पुस्तकं आणली. छोटी, आडवी, हातात मावणारी. रोज संध्याकाळी वाचायची हे ठरलं. अण्णांचं इंग्रजी फॉर्म आणि नियमपुस्तकापुरतं, पण ही भाषा त्यांना लागत होती, कारण अर्धे शब्द त्यांच्याच खात्यातले. ‘हेन्री द ग्रीन इंजिन’ हे 1951 चं पुस्तक निघालं आणि त्यातली कोळशाची गोष्ट आली. हेन्रीला वाफ धरत नाही. सगळे त्याला आळशी म्हणतात. फॅट कंट्रोलर विचारतो तेव्हा त्याचा फायरमन सांगतो की साहेब, कोळसा हलका आहे आणि ह्याची भट्टी लहान आहे, पुरेशी उष्णता होत नाही. चांगला वेल्सचा कोळसा मागवतात आणि हेन्री पळायला लागतो.

अण्णांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं.

“हे लिवणारा फायरमन होता का?”

“पाद्री होते, अण्णा.”

“मग इंजिनात फुटप्लेटवर बसला आसंल.” आणि त्यांनी नातवाला सांगायला घेतलं: राखेचा कोळसा आला की कसं व्हायचं, जाळीवर त्याचा दगड बनायचा त्याला क्लिंकर म्हणतात, तो लांब सळईने फोडून काढायचा, तोवर वाफेच्या दाबाचा काटा खाली खाली. कोळसा मधोमध ओतायचा नाही, कोपऱ्यांना मारायचा, पातळ. एका हाताचं काम नाही, कमरेतून फावडं फिरवायचं. सोफ्यासमोर उभं राहून त्यांनी रिकामं फावडं फिरवून दाखवलं. साडेसहाच्या सुमारास आमच्या दिवाणखान्यात दोन फायरमन होते, एक पायजम्यातला आणि एक डायपर नुकताच सुटलेला. बार्शीच्या चढाला गाडी बसली तर गार्ड उतरून यायचा, प्रवासी उतरून बिडी ओढायचे, आणि वाफ धरली की परत सगळे चढायचे. आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्या गाडीत तर चढायला जागाच नसायची. हे मी लहानपणापासून ऐकलेलं. पण हेन्रीच्या निमित्ताने अण्णांनी ते पहिल्यांदा असं बारीकसारीक सांगितलं. आम्हा भावंडांनी कधी विचारलंच नव्हतं की वाफ का धरत नाही.

त्याच पुस्तकात पुढे हेन्रीचा मोठा अपघात आहे. पहाटेची मासळीची गाडी, बर्फाच्या भाराने सिग्नलचा हात खाली पडून ‘लाईन मोकळी’ दाखवतो, सांधा गोठलेला, आणि हेन्री दुसऱ्या गाडीवर आदळतो. खऱ्या इंग्लंडात 1876 साली ॲबट्स रिप्टनला बर्फाने सिग्नल अडकून गाड्या आदळल्या होत्या आणि माणसं गेली होती. मुलाला वाचून दाखवावं की नाही याचा मी विचार करत होते. तो घाबरला नाही. त्याने विचारलं, मग सिग्नलचा हात वरच्या बाजूला का नाही मोकळा होत, म्हणजे बर्फाने पडला तरी थांबा असंच दिसेल? अण्णांनी त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. ब्रिटिशांनी पुढे बरेच सिग्नल तसेच केले, हात वर म्हणजे मोकळं. हे ज्या माणसांना सुचायला अपघात व्हावा लागला, ते… असो, आई आहे मी, जास्त बोलत नाही.

अण्णा परत जायच्या आधी आम्ही डिडकॉटला गेलो. रेडिंगहून गाडीने पंधरा-वीस मिनिटं, आणि स्टेशनाच्या बोगद्यातूनच रेल्वे सेंटरमध्ये शिरायचं. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं जुनं इंजिनशेड आहे, 1932 चं, आणि आत चालती वाफेची इंजिनं. कोळशाचा धक्का, टर्नटेबल, राखेचा खड्डा सगळं जागच्या जागी. अण्णा शेडच्या दारात थांबले आणि त्यांनी नुसता वास घेतला. गरम तेल, ओली राख. मग त्यांनी खिशातला रुमाल काढून हात पुसले, न माखताच.

तिथे एक ट्रान्सफर शेड आहे. ब्रुनेल या इंजिनिअरने ग्रेट वेस्टर्न बांधली ती सात फुटांहून किंचित रुंद गेजची. बाकीच्या कंपन्यांचं गेज अरुंद. दोन्ही जिथे भेटायची तिथे माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरायला लागायचा, त्यासाठी हे लाकडी शेड. एका बाजूला रुंद रूळ, दुसऱ्या बाजूला अरुंद, मधे फलाट. 1892 मध्ये शेवटचं रुंद गेज उखडलं गेलं. मुलाला मी हे समजावणार तेवढ्यात अण्णा म्हणाले, “ही तर कुर्डुवाडी.”

खरंच तीच होती. मुंबई-सोलापूरची ब्रॉडगेज, 1676 मिलिमीटर, आणि बार्शी लाईट रेल्वेची नॅरोगेज, 762. 1897 साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने बार्शीपर्यंत आणली, पुढे लातूर, पंढरपूर, मिरज. त्या छोट्या गाडीची पहिली इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्यात झाली. पेंडीची पोती, गूळ, ज्वारी, सगळं कुर्डुवाडीला हमालांच्या पाठीवरून इकडचं तिकडे व्हायचं. आता सगळी ब्रॉडगेज झाली, हमालांचं ते काम संपलं. शेडमधला स्वयंसेवक, सत्तरीचाच एक लालबुंद गृहस्थ, हे ऐकत उभा राहिला. मी दुभाषीपण करत होते, पण ते फार वेळ लागलं नाही. इंजेक्टर, रेग्युलेटर, गेज ग्लास, वॉशआऊट. दोघांचं दोघांनी चालवलं. शेवटी त्याने अण्णांना सिनेमाबद्दल विचारलं, कारण मुलाच्या अंगात निळा टी-शर्ट होता. अण्णांनी इंग्रजीत एवढंच सांगितलं, “नो वॉटर.” तो गृहस्थ मिशीतल्या मिशीत हसला आणि त्याने मान डोलावली.

2021 मध्ये मालिकेचं रूपच पालटलं. सपाट द्विमित चित्रं, इंजिनं उड्या मारतात, वाकतात. तोवर आमचा मुलगा शाळेत जायला लागला होता आणि त्याने अर्ध्या मिनिटात ते बंद केलं. इतर आईबापांची चिडचिड मी ऐकत होते, पण मला चिडायला काही उरलं नव्हतं. उड्या मारणाऱ्या इंजिनाला गेज विचारायचं तरी कुठे?

सिनेमातून घरात एक वस्तू मात्र आली. निघायच्या आदल्या दिवशी अण्णांनी दुकानातून नियाचं केशरी लाकडी इंजिन घेऊन दिलं. ती त्यांना आवडली होती, “कामाची पोरगी आहे” म्हणून. मुलाने ते हातात घेतलं, उलटं केलं, चाकं बघितली आणि रुळावर ठेवायला साफ नकार दिला. केनियाची जुनी गाडी मीटरगेज, थॉमसच्या रुळावर कशी चालेल? आम्ही म्हटलं, अरे, एकाच मापाची खेळणी आहेत दोन्ही. नाही म्हणजे नाही. मग अण्णांनी बॅग भरायची सोडून आइस्क्रीमच्या काड्या चिकटवून जरा अरुंद रूळ तयार केले आणि मधे पुठ्ठ्याचा एक फलाट. निया फलाटाच्या अलीकडे, थॉमस पलीकडे, आणि माल उतरवायला-चढवायला आम्ही. शेंगदाण्याच्या पेंडीचं एकेक पोतं म्हणून एकेक चणा. विमानाची वेळ होत आली तरी हमालांना सुट्टी मिळेना.